गोठ्यातून शेतात जाणारा कोळसा

मे महिन्यात मुंबईहून कर्जतच्या लोकलने निघालात, तर नेरळ मागे पडल्यावर जरा खिडकीबाहेर बघा. उन्हाने करपलेली भाताची खाचरं दूरवर पसरलेली दिसतात. सगळी पिवळट, तपकिरी. आणि मधेच एखाद्या खाचराच्या कोपऱ्यात काळाकुट्ट चौकोन! थोडं पुढे गेलं की आणखी एक. कर्जतला गाडी बदलून खोपोलीची लोकल पकडलीत, तर पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी असं करत खालापूर तालुक्यातून जाताना तिथेही तेच काळे चौकोन.

आग लागली असेल, असं वाटेल. आग लागलेली नसते, लावलेली असते. आणि लावणारे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ती लावत आलेत. याला म्हणतात राब भाजणं.

भाताचं बी आधी एका लहानशा तुकड्यात पेरतात. तिथे रोपं हातभर झाली, की ती उपटून, त्यांच्या मुठी बांधून मोठ्या खाचरात त्यांची लावणी करतात. या लहान तुकड्याला रोपवाटिका म्हणा, राब म्हणा. पावसाआधी त्यावर शेणाचा थर घालायचा, त्यावर झाडांच्या डहाळ्या, पातेरा, गवत, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा पातळ थर. मग वाऱ्याच्या उलट दिशेने पेटवायचं, म्हणजे आग धावत सुटत नाही. ती हळूहळू, धुमसत पुढे सरकते. तणाचं बी भाजून जातं, किडे मरतात, आणि राखेतला पालाश रोपांना मिळतो. रोपं कशी तरारून येतात!

आता या राबात एक गंमत आहे. भाजून झाल्यावर जवळ जाऊन, खाली वाकून बघा. जिथे वर मातीचं पांघरूण नव्हतं, तिथे राख पांढरी. आणि जिथे माती होती, तिथे काळे तुकडे. आग एकच, पातेराही एकच. मग एक जागा पांढरी आणि दुसरी काळी का?

उत्तर आहे हवेत. लाकूड, पानं, पेंढा या सगळ्यांत कार्बन भरपूर असतो. जळताना हवा मोकळी मिळाली, तर हवेतला ऑक्सिजन या कार्बनला धरतो, दोघांचा कार्बन डायऑक्साइड वायू होतो आणि तो उडून जातो. मागे उरते ती पांढरी राख, म्हणजे न जळणारे क्षार. पण हवा अडवली तर? उष्णता तर लागते आहे, पण ऑक्सिजन पोचत नाही. मग लाकडातलं पाणी जातं, धूर जातो, चिकट डांबर जातं, आणि कार्बन जागच्या जागी राहतो. तोच कोळसा. खाणीतला दगडी कोळसा नव्हे हं, आपला लोणारी कोळसा. मातीत घालण्यासाठी असा कोळसा मुद्दाम तयार केला, की शास्त्रज्ञ त्याला बायोचार म्हणतात.

ही विद्या कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांना काही नवी नाही. कातकरी समाजातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला जात आली आहेत. लाकडं रचायची, पाल्याने आणि ओल्या मातीने लिंपायची, लहानशी भोकं ठेवायची आणि मग कित्येक दिवस राखण करायची. धुराचा रंग बघून आत काय चाललंय ते ओळखायचं. दाट पांढरा धूर म्हणजे अजून पाणी जातंय. धूर विरळ आणि निळसर झाला, की भोकं बुजवायची वेळ झाली. एक भोक जास्त वेळ उघडं राहिलं, तर सगळ्या मेहनतीची राख! अतिशय कष्टाचं आणि फार थोड्या मोबदल्याचं काम आहे हे. पण आग कशी झाकायची, याचं एवढं बारीक ज्ञान पुस्तकात वाचून येत नाही.

तर हा कोळसा मातीत घालून काय होतं?

आधी कोळशाचा एक तुकडा घ्या आणि पाण्याच्या पेल्यात टाका. तो तरंगेल. बोटाने पाण्याखाली दाबून धरा. बारीक बारीक बुडबुडे येऊ लागतील. बराच वेळ येत राहतील. ही हवा कुठून आली? कोळशाच्या आतून. झाड जिवंत असताना मुळांकडून पानांकडे पाणी नेणाऱ्या ज्या नळ्या होत्या, त्या भाजल्यावरही तशाच उरतात. भिंगातून बघितलंत तर तुटलेल्या टोकावर त्यांची भोकं ओळीने दिसतात. आणि त्या भोकांच्या भिंतींनाही आणखी बारीक भोकं असतात, ती भिंगातूनही दिसत नाहीत. नीट भाजलेल्या एक ग्रॅम लाकडी कोळशाच्या आतल्या सगळ्या भिंती उलगडून अंथरता आल्या, तर त्यांनी कबड्डीची दोन मैदानं सहज झाकली जातील. एक ग्रॅम म्हणजे चिमूटभर हो!

एवढ्या भिंती असल्या की त्यांना काय काय चिकटून राहू शकतं. पाणी आत शिरून बसतं. जिवाणूंना आसरा मिळतो. आणि कोळसा मातीत काही वर्षं राहिला, की त्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचा हळूहळू परिणाम होतो आणि तिथे ऋण विद्युतभार तयार होतो. अमोनियम, पोटॅशियम, कॅल्शियम ही झाडांची अन्नद्रव्यं धन भाराची. म्हणजे ती तिथे धरली जातात. ताज्या कोळशापेक्षा मुरलेला कोळसा हे काम जास्त चांगलं करतो.

आणि आपल्या भागात या धरून ठेवण्याला फार किंमत आहे. कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. माथेरानच्या डोंगरावरून, राजमाचीच्या बाजूने पाणी धावत सुटतं आणि उल्हास नदीत उतरतं. खालापूरकडचं पाणी पाताळगंगेत जातं. जाताना नुसतं पाणी जात नाही, शेतातलं खतही विरघळून जातं. म्हणून उतारावरच्या वरकस जमिनी, जिथे नाचणी आणि वरी पिकते, त्या लालसर, हलक्या आणि आम्लधर्मी झालेल्या असतात. जगभरच्या प्रयोगांत बायोचारचा गुण सगळ्यात ठळक दिसला, तो अशाच उष्ण प्रदेशातल्या, आम्लधर्मी, थकलेल्या जमिनींत. मुळात सुपीक असलेल्या जमिनीत फरक थोडा पडतो, कधी पडतही नाही. तेव्हा कोळसा म्हणजे काही जादूची पुडी नव्हे. योग्य जागी मात्र तो कामाचा आहे, आणि वरकस जमीन ही योग्य जागा आहे असं मला वाटतं.

कोळसा मातीत टिकतो तरी किती? पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं. जमिनीखाली तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती सापडली आणि त्यांच्या घरांतले धान्याचे दाणेही सापडले. दाणे इतकी वर्षं उरले कसे? जळून कोळसा झाले होते म्हणून! न जळलेला दाणा मातीत कधीच कुजून गेला असता. कोळशाला कुजवणं जिवाणूंना फार जड जातं.

दूर दक्षिण अमेरिकेत, ॲमेझॉनच्या जंगलात तर लोकांनी या कोळशाने अख्ख्या जमिनी घडवल्या. तिथली मूळ माती पिवळी आणि निकृष्ट. पण जुन्या वस्त्यांच्या जागी काळी, कसदार माती मिळते. काही ठिकाणची दोन हजार वर्षांहून जुनी आहे. चुलीतला कोळसा, माशांचे काटे, हाडं, खापरं, मलमूत्र असं सगळं त्या लोकांनी मातीत मिसळत नेलं होतं. विम सोंब्रुक नावाच्या डच मृदाशास्त्रज्ञाने १९६६ साली ॲमेझॉनच्या मातीवरच्या पुस्तकात या काळ्या मातीबद्दल लिहिलं, आणि पुढे जगभर कोळशावर संशोधन सुरू झालं. या मातीत नुसता कोळसा नव्हता, हे मात्र विसरू नका. कोळशाबरोबर खतही होतं. ही गोष्ट आपल्याला थोड्या वेळाने लागणार आहे.

आपल्या कोकणातही एका शास्त्रज्ञाने काळ्या राखेचा नीट विचार केला. डॉ. एन. के. सावंत त्यांचं नाव. त्यांची चारसूत्री भातशेती महाराष्ट्रातल्या भातशेतकऱ्यांना ठाऊक आहे. तुमच्या घरी शेती असेल, तर आजोबांना विचारून बघा. गिरीपुष्पाचा पाला खाचरात गाडायचा, रोपं मोजक्या अंतरावर लावायची आणि चार चुडांच्या मधे युरिया-डीएपीची गोळी चिखलात खोचायची, ही तीन सूत्रं. आणि सगळ्यात पहिलं सूत्र असं, की भाताने जे दिलं त्यातलं उरलेलं भातालाच परत द्यायचं. म्हणजे पेंढा खाचरात, आणि भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत. गादीवाफ्याच्या एक चौरस मीटरला अर्धा ते एक किलो राख, मातीत नीट मिसळून.

राख काळीच का हवी? तुसात सिलिका असते. वाळूत असते तीच. भाताचं रोप ती मुळांतून उचलतं आणि पानांत, खोडात भरतं. अशी रोपं काटक होतात, सहज लोळत नाहीत, आणि खोडकिड्याच्या अळीला त्यांचं खोड पोखरणं अवघड जातं. तूस कमी हवेत, बेताच्या आचेवर काळा झाला, तर ही सिलिका रोपाला मिळेल अशा रूपात राहते. फार कडक आचेत जळून पांढरा झाला, की तिचे स्फटिक बनतात, आणि ते पाण्यात विरघळायला तयार नसतात.

तूस काळा करायची रीतही बघण्यासारखी आहे. पत्र्याच्या डब्याला सगळीकडून भोकं पाडतात, वर धुराडं म्हणून पत्र्याचा पाइप लावतात. डब्यात निखारे पेटवून त्याच्याभोवती तुसाचा ढीग रचतात. ज्वाळा दिसत नाही. ढीग आतून तापत जातो, धुराड्यातून पांढरा धूर निघत राहतो, आणि काही वेळाने सोनेरी ढिगावर एक काळा ठिपका उमटतो. मग दुसरा. ठिपके पसरतात. फावड्याने बाहेरचा कच्चा तूस आत लोटत राहायचं. सगळा ढीग काळा झाला, पण कुठेही पांढरा पडायच्या आत, की तो पसरून वर पाणी शिंपडायचं. चर्रर्र आवाज होतो, वाफ उठते. थंड झाल्यावर मूठभर हातात घ्या. एकेक तूस अखंड असतो, त्यावरच्या उभ्या रेघासुद्धा दिसतात. फक्त रंग काळा आणि वजन हलकं. जपानमध्ये भाताची रोपं वाढवायला असाच काळा तूस वापरतात, तिथे त्याला कुंतान म्हणतात.

हिशेब केलात तर गंमत वाटेल. शंभर किलो भात भरडलं, की साधारण वीस किलो तूस निघतो. तो पूर्ण जाळला तर चारेक किलो पांढरी राख उरते. झाकून भाजला तर सात-आठ किलो काळा तूस. मधला जो फरक आहे, तो बहुतेक कार्बन. हवेतून भाताने पावसाळाभर घेतलेला, आणि आता मातीत मुक्कामाला जाणारा. कर्जत हा तर भाताचाच तालुका. कर्जतच्या संशोधन केंद्रातून निघालेले कर्जत-३, कर्जत-७, कर्जत-१८४ असे भाताचे वाण राज्यात ठिकठिकाणी पेरले जातात. इथल्या भातगिरण्यांबाहेर तुसाचे ढीग असतात. त्यातला बराचसा वीटभट्ट्यांत जळतो, काही पोल्ट्रीच्या शेडमध्ये कोंबड्यांखाली पसरला जातो.

आता गोठ्यात चला. पावसाळ्यात गुरं बराच काळ बांधलेली असतात. खाली ओल, आणि नाकात झोंबणारा वास. तो वास अमोनियाचा. गोमूत्रात युरिया असतो, शेणातले जिवाणू त्याचा अमोनिया करतात, आणि तो वायू होऊन उडतो. गुरांचे डोळे चुरचुरतात, वासरं खोकतात. आणि दुसरा तोटा आपल्या लक्षातच येत नाही. अमोनियात नायट्रोजन असतो. म्हणजे वास येतो आहे, तेव्हा खत उडून चाललं आहे. मग बाजारातून गोणी आणायची आणि तोच नायट्रोजन विकत घ्यायचा!

या ओल्या जमिनीवर काळा तूस पसरला तर तो मूत शोषतो, त्यातला बराच नायट्रोजन धरून ठेवतो आणि वास कमी होतो. शेणाबरोबर तो रोज गोळा होतो, उकिरड्यात जातो, शेणखतात मुरतो आणि पावसाआधी शेतात पोचतो. ॲमेझॉनची गोष्ट आठवा. कोळशाबरोबर खत हवं. कोरा कोळसा थेट शेतात टाकला, तर पहिल्या हंगामात तो मातीतलंच थोडं अन्न स्वतःकडे ओढून घेतो आणि पिकाची उपासमार होऊ शकते. गोठ्यातून गेलेला कोळसा मात्र भरलेला असतो. म्हणून माझं ठाम मत आहे, की कोळशाचा शेताकडे जाणारा रस्ता गोठ्यातून जावा.

ऑस्ट्रेलियातल्या एका शेतकऱ्याने तर याच्याही पुढची पायरी गाठली. पश्चिम ऑस्ट्रेलियात मंजिमप नावाचं गाव आहे. तिथल्या डग पाव यांनी २०११ पासून आपल्या साठ गायींना चक्क कोळसा खायला घातला! गुळाची मळी मिसळून, दर गायीला दिवसाला साधारण तीनशे तीस ग्रॅम. गायीच्या पोटात कोळसा पचत नाही. पोटातला रस शोषून तो शेणातून बाहेर पडतो. कुरणात शेण पडलं, की शेणकिडे धावत येतात. ते शेणाखाली बीळ खणतात, शेणाचे गोळे खाली नेतात आणि त्यांत अंडी घालतात. शेणाबरोबर कोळसाही खाली गेला. ट्रॅक्टर नाही, नांगर नाही, मजुरी नाही. गायीने पसरला आणि किड्यांनी पुरला. यावरचा शास्त्रीय लेख २०१५ साली प्रसिद्ध झाला, आणि मातीचा कस सुधारल्याचं त्यात नोंदलं आहे.

ऑस्ट्रेलियातल्या मूळच्या शेणकिड्यांना गायीचं पातळ शेण नीट जमत नसे. त्यांना सवय होती कांगारूंच्या सुक्या लेंड्यांची. कुरणंच्या कुरणं शेणाने झाकली जाऊन माश्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हा १९६०च्या दशकापासून तिथल्या शास्त्रज्ञांनी बाहेरच्या देशांतून शेणकिडे आणून सोडले. आपल्याकडे तशी वेळच आली नाही. गाय आणि शेणकिडा दोघंही इथले जुने रहिवासी. पहिल्या पावसानंतर रानात शेणाची पो काडीने उलटून बघा, खाली बिळं दिसतील.

गायीला कोळसा द्यायचा का, असं विचाराल, तर तुम्ही स्वतः देऊ नका. विषबाधा झालेल्या जनावराला गुरांचे डॉक्टर विशेष तयार केलेला कोळसा देतात, तो विष शोषतो. पण तोच गुण उलटूही शकतो, औषध आणि जीवनसत्त्वंही तो धरू शकतो. रंगवलेल्या लाकडाचा कोळसा तर घातकच. गाय ढेकर देते तेव्हा मिथेन वायू बाहेर पडतो, तो कोळशाने कमी होईल अशी आशा होती. काही प्रयोगांत तो कमी झाला, काहींत काहीच फरक पडला नाही. तपास चालू आहे. गोठ्यात पसरायला मात्र हरकत नाही. फक्त तूस आधी ओलसर करून घ्यायचा, नाहीतर काळी भुकटी उडून आपल्या आणि गुरांच्या छातीत जाते.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. मातीसाठी कोळसा हवा म्हणून ऐन-किंजळीची झाडं तोडणं हा शहाणपणा नव्हे. डोंगरावर झाडं नसली, तर खाली माती राहणारच नाही, मग कोळसा कशात मिसळायचा? कोळसा करायचा तो वाया जाणाऱ्या गोष्टींचा. तूस, तुरीच्या काट्या, नारळाच्या करवंट्या. गुरांना लागणाऱ्या पेंढ्याला हात लावायचा नाही. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भातशेतीची जी पद्धत रुजवली, तिच्यात तर काही जाळायचंच नाही. गादीवाफे एकदा करायचे, पुन्हा नांगरायचं नाही, आणि कापणीनंतर भाताची मुळं जमिनीतच कुजू द्यायची. तोही मातीत कार्बन साठवण्याचाच मार्ग. कुजलेली मुळं गांडुळांना खाऊ देतात, कोळसा वर्षानुवर्षं टिकतो. माती दोन्ही घेते.

आता तुमचं काम. तीन कुंड्या घ्या, कुंड्या नसतील तर दुधाच्या पिशव्या चालतील. तिन्हींत दहा-दहा मुठी माती. पहिलीत एक मूठ शेणखत. दुसरीत एक मूठ शेणखत आणि एक मूठ काळा तूस, दोन्ही आधी एकत्र करून पंधरा दिवस ओलसर ठेवलेले. तिसरीत नुसता कोरा काळा तूस एक मूठ. तूस भाजायचं काम घरातल्या मोठ्या माणसांचं, ते उघड्यावर, पाण्याची बादली जवळ ठेवून. तुम्ही फक्त बघा. प्रत्येक कुंडीत भाताचे वीस भिजवलेले दाणे पेरा. दहाव्या आणि विसाव्या दिवशी पट्टीने उंची मोजा, पानांचा रंग लिहा. मग पाणी बंद करा आणि कुठली कुंडी आधी कोमेजते ते बघा. घरी गोठा असेल, तर आईबाबांना विचारून एका गुराखालीच काळा तूस पसरा, शेजारच्याखाली नको. आठवड्याने दोन्ही जागी वास घेऊन बघा.

जमलं तर गावच्या भातगिरणीत जाऊन विचारा, की तूस कुठे जातो आणि किती रुपयांना जातो. सगळे आकडे वहीत उतरवून, तारीख घालून आम्हाला पाठवा. कोळशाच्या कुंडीतलं रोप मागे पडलं असेल, तर तेही तसंच लिहा.